फक्कीवरची पावलं

बंडूजी फक्की मारायला मैदानावर गेले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अल्लीपूरच्या बाजारामागं ते मैदान आहे. एका अंगाला कपाशीची वावरं, दुसऱ्या अंगाला बाभळी. पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टेपोट्ट्या तिथं सकाळी धावतात. त्यांना धावायला एकात एक गोल आखून द्यायचं काम गावानं कधीतरी बंडूजींच्या गळ्यात घातलं, आणि मग ते काढून घ्यायची कोणाला आठवणच झाली नाही.

काम साधं आहे, पण घाईचं नाही. खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची, मग फक्कीची गाडी सुतळीच्या कडेनं ढकलत न्यायची. गाडी म्हणजे काय, चाकं लावलेला पत्र्याचा डबा आणि त्याच्या बुडाला फट. चुन्याची भुकटी झरत राहते. पायाकडं बघायचं नाही, पुढच्या खुंटीकडं बघायचं. पायाकडं बघितलं की रेघ वाकडी झालीच म्हणून समजा. आणि आपण मारलेल्या रेघेवर आपला पाय पडू द्यायचा नाही, हा बंडूजींचा नेम. त्या संध्याकाळीही त्यांनी तो पाळला.

सकाळी नातीला, अंकिताला, घेऊन ते आले. धुकं होतं. अंकिता बुटाच्या नाड्या आवळत बसली आणि बंडूजी आपली रेघ बघत निघाले. सगळ्यात आतल्या रेघेवर पावलं उमटली होती.

अनवाणी पावलं. लहान, निमुळती. टाचा टेकलेल्या नव्हत्या, नुसते चवडे आणि बोटं, धावणाऱ्या माणसाची टेकतात तशी. बाभळीजवळच्या वळणापर्यंत ती आली होती आणि तिथं थांबली होती. वळणाच्या पुढं रेघ कोरी.

प्रफुल्ल पोरांना धावायला शिकवायचा. बंडूजींनी त्याला बोलावून दाखवलं.

"बिबट आलता असन, बंडूजी," तो हसला.

"बिबट्याले अशी बोटं असते का रे?"

"मंग तुमचीच नातीन असन."

"माही नातीन बूट घालते. तुह्या पोट्ट्यायले सांगून ठेव. मस्करी करा, पण रेघेवर नाई."

प्रफुल्लनं मान हलवली. पण वळणाकडं त्यानं दुसऱ्यांदा बघितलं नाही, हे बंडूजींच्या ध्यानात आलं.

कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. दिवाळीच्या आधी अनुसयाबाईची छाया त्याच वळणावर धावता धावता पडली होती. उचलून ऑटोत घातली, दवाखान्यात नेली, घरी आणली. पण वळणावर मिटलेले डोळे तिनं पुन्हा उघडलेच नाहीत. छाया अनवाणी धावायची.

बंडूजींनी संध्याकाळी रेघ पुन्हा मारली. सकाळी पावलं पुन्हा होती, आणि वळणाच्या थोडी पुढं गेली होती. आता त्यांचा संशय पोरांवरून उठला आणि अनुसयाबाईवर जाऊन बसला. लेक गेल्यापासून ती बाई कुठंही बसून राहायची, कधी हौदावर, कधी वेशीत. दुःखानं माणूस काय करेल, सांगता येतं का? आणि अंकिता तिच्या लेकीच्याच रेघेवरून धावत होती. हे कोणत्या आईला बघवेल?

त्यांनी हे मनातच ठेवलं असतं. पण त्या दिवशी घरी परतताना अंकिता हळूच म्हणाली, "आजा, एक सांगू? कोणाले सांगजो नको."

"सांग ना वं."

"मांगून कोणीतरी पळते. मी आतल्या रेघेवर असली की... श्वास आयकू येते. इथं, खांद्यापाशी."

बंडूजी थांबले. "वळून पाह्यलं नाई का?"

"पाह्यलं. कोणी नाई." ती जराशी हसली. "पण भेवानं पाय आपोआप उचलते, आजा. प्रफुल्ल सर म्हणे, असंच पळाली तर वर्दी पक्की."

"उद्यापासून येऊ नको मैदानावर."

"काऊन? भरती तोंडावर आली. वयाचं पाह्यलं तर हेच शेवटची. मंग काय, जलमभर वावरात तूर सोंगू?"

पोरीची आई ती लहान असतानाच गेली, बाप नागपूरला ट्रकवर. तिला त्यांनीच वाढवलं होतं. तिला घरी ठेवलं तर तिचं सगळं बुडणार. जाऊ दिलं तर काय होणार, ते मनात आणायलाही त्यांना नको वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या बेतात ते एकटेच मैदानावर गेले. धुक्यात पांढरी रेघ तेवढी दिसत होती. वळणावर बाभळीखाली शाल पांघरून कोणीतरी बसलं होतं.

सापडली, बंडूजी मनात म्हणाले. जवळ गेले.

"अनुसयाबाई, काऊन असं करून राह्यल्या? माही नातीन भेवून गेली ना."

तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते. "मी? मी तर तुमाले पकडाले बसली, बंडूजी. मले वाटलं, तुमीच माह्या पोरीच्या नावानं पावलं काढता. नातीनीले भेव घालून जोरानं पळवाले."

बंडूजींची नजर तिच्या पायांकडं गेली. चपला होत्या. पाऊल रुंद, भेगाळलेलं. तिचीही नजर त्यांच्या पायांवर होती.

तेवढ्यात मैदानाच्या पल्याडून आवाज आला. थप... थप... थप... मऊ, एका लयीत. धुक्यामुळं दिसत काही नव्हतं. आवाज गोल फिरून जवळ येऊ लागला. अनुसयाबाईनं बंडूजींचं मनगट धरलं. रेघेवरची फक्की जराशी उडाली, चिमूटभर, मग पुढं आणखी जराशी. निलगिरीच्या तेलाचा वास आला आणि त्यांच्या समोरून गेला.

"हे तेल मीच लावून देत होती," अनुसयाबाई पुटपुटली. "पोटऱ्यायले..."

उजाडल्यावर त्यांनी बघितलं. पावलं वळण सोडून पार पुढं गेली होती. गोल पुरा व्हायला थोडकीच जागा उरली होती.

अनुसयाबाईनं शेवटच्या पावलावर हात टेकवला. "आमचंच चुकलं, बंडूजी. माणूस गेलं की जिथं जीव गेला तिथं पीठ ठेवते. पिठावर पाऊल उमटलं की समजते, जीव कुठं गेला. आमच्या घरच्यायनं पीठ घरातच ठेवलं. मैदान पोट्ट्यायचं, तिथं कायले इटाळ, म्हणे. मी म्हणत होती, घरात कुठं जीव गेला तिचा? तो इथंच गेलता. घरचं पीठ जसंच्या तसं राह्यलं. कोणी उमटलंच नाई."

"मंग आज इथं ठेवू," बंडूजी म्हणाले. त्यांच्या आवाजात काकुळती होती. "तिले वाट देऊ. माही पोरगी मोकळी होईन."

दिवेलागणीला दोघं आले. वळणावर जागा सारवली. अनुसयाबाईनं ज्वारीचं पीठ चाळून थापी फिरवल्यासारखं सपाट पसरलं, बाजूला दिवा लावला, वरून टोपलं झाकलं. वारं लागू नये म्हणून बंडूजींनी टोपल्यावर धोंडा ठेवला. मग ते घरी गेले, अंकिताला आत निजवलं, कडी लावली आणि स्वतः दाराला आडवे झाले. पोरगी रात्रभर हलली नाही. कूस बदलल्याचाही आवाज आला नाही.

सकाळी अंकिता घरूनच बूट घालून निघाली. ती पोरांपाशी थांबली आणि बंडूजी वळणावर गेले. अनुसयाबाई आधीच आली होती. धोंडा जागच्या जागी होता, त्याच्यावर दव साचलं होतं. त्यांनी टोपलं उचललं.

पीठ कोरं होतं. मुंगीचासुद्धा पाय नाही.

आणि रेघही कोरी होती. संध्याकाळी मारली तशी, सरळ, स्वच्छ. बंडूजी सगळा गोल फिरून आले. कितीतरी दिवसांनी त्यांचा श्वास मोकळा झाला. गेली असेल, ते मनात म्हणाले. खूण न ठेवताच गेली असेल. त्यांनी हात करून अंकिताला धावायला सांगितलं.

अंकिता धावली. तशी ती कधी धावली नव्हती. बाकीचे पोट्टे आपापली धाव सोडून बघत उभे राहिले. प्रफुल्लनं घड्याळ बघितलं, कानाशी नेऊन हलवलं, पुन्हा बघितलं.

ती येऊन आजोबाजवळ बसली. धापसुद्धा लागली नव्हती.

"आजा," ती म्हणाली, "आज मांगं कोणीच नव्हतं."

"चांगलं झालं, माय."

"हो." तिनं बूट काढले, मोजे काढले. "बूट रुतून राह्यले."

बंडूजींनी तिचा पाय मांडीवर घेतला. इतकं धावून आलेलं पाऊल, पण हाताला गार लागलं, पहाटेच्या मातीसारखं. तळवा पांढरा होता. बोटांच्या बेचक्यांतही पांढरं भरलं होतं. फक्की शिरली असेल, म्हणून त्यांनी अंगठ्यानं पुसलं. सारा जन्म चुन्यात गेलेला तो अंगठा जागीच थांबला. चुना खरखरीत असतो, कातडी ओढतो. हे मऊ होतं. त्यांनी अंगठा नाकाशी नेला.

ज्वारीचं पीठ.

तिकडं वळणावर अनुसयाबाई ते कोरं पीठ पदरात भरत होती. तिथूनच तिनं विचारलं, "सुटली असन ना जी माही पोरगी?"

बंडूजींनी घाईघाईनं मोजा चढवला, बूट चढवला, नाडीला गाठ मारली, गाठीवर गाठ मारली.

"सुटली," ते म्हणाले. "सुटली, बाई. तुमी घरी जा."

अनुसयाबाई उठली आणि वेशीच्या वाटेला लागली. अंकिता तिच्याकडं बघत होती. ती दिसेनाशी होईतो बघत राहिली, आणि आजोबाच्या हातातला तिचा पाय हळूहळू वेशीकडं ओढ घेऊ लागला.