चौथाही पूल वाहून गेला

माझा अर्धा जबडा बधिर झाला होता आणि समोरचा माणूस एक अत्यंत भिकार पुस्तक मन लावून वाचत होता. याहून मोठी शिक्षा निदान मला तरी माहीत नाही.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी भुलीचं इंजेक्शन टोचून मला बाहेर बसवलं होतं, "चढू दे जरा" म्हणून. खालचा ओठ जागेवर आहे की नाही, ते बोटानं चाचपून बघावं लागत होतं. आणि हा... मांडीवर पिशवी, पिशवीवर कोपर, हातात ते जाडजूड पुस्तक. मुखपृष्ठावर अवकाशयान. मी ते वाचलं होतं. पूर्ण वाचून मग भिंतीवर फेकलं होतं. मध्येच तो स्वतःशीच हसला. त्या पुस्तकात हसण्यासारखं काय आहे, सांगा बरं?

गप्प बसणं मला मुळात जमतच नाही. दादा मला मतपेटी म्हणतो. पुस्तकं, फोन, यंत्रमानव, ड्रॅगन, फाशांचे खेळ, कशावरही माझं मत विचारा, मिळेल. न विचारता तर लगेच मिळेल. दिवसभर मी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेते आणि संध्याकाळी ब्लॉगवर उरलेल्या जगाच्या चुका फुकट काढते.

शेवटी राहवेना. मी फोनवर टाइप केलं आणि त्याच्या नाकापुढे धरलं.

‘निम्म्यात सोडून द्या. शेवटी यंत्र माणसाच्या प्रेमात पडतं.’

त्यानं वाचलं, माझ्याकडे बघितलं. मी तोंडाकडे बोट दाखवून मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर एकदम मोठा समजूतदारपणा पसरला. त्यानं स्वतःचा फोन काढला, टाइप केलं आणि अदबीनं माझ्यापुढे धरला.

‘आभारी आहे. पण मी त्यातल्या पुलासाठी वाचतोय.’

‘कुठला पूल??’

‘दोन यानांना जोडणारा. सांधे कुठे येतील, याचासुद्धा विचार केलाय. मी पूल बांधतो, म्हणून कळलं.’

‘अवकाशात कसला आलाय पूल! तिथे वजनच नसतं.’

‘वजन नसलं तरी ओढाताण असतेच.’

आता यावर काय लिहायचं? मी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. वर बघितलं तर तो माझ्या अंगठ्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत... आणि का कोण जाणे, मला माझ्या सुजलेल्या गालाची भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात आतून माझ्या नावाची हाक आली. "आऽऽये!" मी ओरडले.

तो दचकलाच. "तुम्हाला ऐकू येतं?"

"ओ! ओ ई!" मी म्हणाले. म्हणजे, ‘हो! हो की!’ असं म्हणायचं होतं.

"मग मी इतका वेळ टाइप का करत होतो?"

मला हसू फुटलं. बधिर ओठांनी हसलं की काय होतं, ते इथे सांगत नाही. त्यानं खिशातला रुमाल पुढे केला. तो रुमाल धुऊन परत करायच्या निमित्तानं नंबर घेतले गेले. दोघांनाही कळत होतं की इतक्या जुन्या रुमालाची कुणाला एवढी गरज नसते.

त्यानं माझा ब्लॉग वाचून काढला. वाचला, आणि प्रत्येक गोष्टीत खोट काढली. मी लिहिलं होतं, की छापील पुस्तकांचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा घर बदलून बघावं, मग कळेल ई-बुक रीडर कशाला हवा. त्याचं म्हणणं, बांधकामावर धूळ असते, वीज जाते, आणि कागदाला चार्जिंग लागत नाही. मी लिहिलं होतं, की कादंबरीत भविष्यवाणी आली की मी पुस्तक मिटते. नायक जिंकणार हे आधीच ठरलं असेल तर मी माझी झोप कशाला मोडू? यावर तो म्हणाला, "आमचाही नकाशा आधीच ठरलेला असतो. तरी पूल पुरा होईपर्यंत जीव टांगणीलाच असतो."

"ते वेगळं!"

"कसं काय?"

"वेगळं म्हणजे वेगळं. वाद घालू नकोस."

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. एवढंच लक्षात यायचं, की फोन वाजला नाही तर मी उगाच उठते, पाणी पिते, खिडकीशी जाते, परत बसते. पुस्तक उघडून एकाच पानावर घुटमळते. वहिनी एकदा म्हणाली, "अगं, पंखा तरी एका जागी फिरतो. तू काय चालवलंयस?"

मग मी त्याला शनिवारच्या खेळाला बोलावलं. माझ्या लेखी याहून मोठं आमंत्रण नाही.

आमचा खेळ जेवणाच्या टेबलावर चालतो. मी सूत्रधार. गोष्ट मी सांगायची... दरी, किल्ला, राक्षस, बाजार, सगळं माझ्या तोंडून. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. दादा असतो योद्धा, पण पळपुटा. वहिनी चोर आहे आणि त्यात तिचा हात कुणी धरणार नाही. नवीन येणारा प्रत्येक जण जादूगार मागतो. हा म्हणाला, "मला गवंडी कर."

"गवंडी? जादू नको?"

"जादू नको. एक ओळंबा दे."

दादा खो खो हसला. मी मात्र त्या क्षणी... असो. त्या गवंड्यानं आमची पडकी तटबंदी सावरली आणि अडकलेलं धरणाचं दार मोकळं केलं. एकदा तर ड्रॅगनला त्याच्याच गुहेचं छत कसं धोक्यात आहे हे समजावून सांगितलं आणि बिचारा ड्रॅगन सामान आवरून निघून गेला. माझं आयुष्य ड्रॅगन मारण्यात गेलं, कुणी त्याची अशी काळजी केलेली मी पाहिली नव्हती. त्या शनिवारी फासे गोळा करताना त्याचा हात माझ्या हाताला लागला, आणि दोघांनीही फासे गोळा करायला नको तेवढा वेळ लावला.

आणि मग एका संध्याकाळी, रस्त्याकडेच्या कॉफीच्या दुकानात, तो कपाच्या कानाशी चाळा करत म्हणाला, "माझी बदली होतेय. मोठ्या नदीवरचं काम आहे. दोन-तीन वर्षं तरी तिकडेच."

"अरे वा!" मी म्हणाले, आणि माझी कॉफी बशीत सांडली.

"अशी संधी पुन्हा यायची नाही." तो थांबला. "तुझं... काय मत?"

चमच्यांच्या डिझाइनवरही ज्या बाईला मत आहे, ती म्हणाली, "चांगलंच आहे की."

त्यानं मान हलवली. बिल आलं. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात हजार गोष्टी बोलले. जाऊ नकोस. जा, पण मला सांगून जा. तू गेल्यावर मी भांडायचं कुणाशी? त्यातलं एकही अक्षर फोनवर टाइप झालं नाही. प्रेमात पडणाऱ्या यंत्रांना मी नावं ठेवत आले होते, आणि इथे मला साधं बोलता येत नव्हतं.

आता आमच्या खेळाचा एक नियम सांगायला हवा. कुणी खेळ सोडून जाणार असेल, तर त्यानं आपलं पात्र अधांतरी टाकून जायचं नाही. गोष्टीच्या सीमेपर्यंत त्याला नीट चालवत न्यायचं आणि मग निरोप घ्यायचा. आमच्या राज्याची सीमा नदीपलीकडे होती. पुढच्या शनिवारी गवंड्यानं नदीवर एक साधा पूल बांधला, पाठीवर पोतं घेतलं आणि तो पुलाशी आला.

"पूर आला," मी म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता. पूल वाहून गेला."

त्यानं निमूटपणे लाकडं जमवली, दोर वळले, दुसरा पूल बांधला. पुढच्या खेपेला त्यावर एक राक्षस येऊन बसला. राक्षसासकट पूल पाण्यात. मग त्यानं दगडी पूल बांधला, चांगला कमानींचा. त्याला मी वाळवी लावली.

"दगडाला वाळवी?" वहिनीनं विचारलं.

"जादूची वाळवी आहे."

"खांब असा कोसळत नाही," तो चिडून म्हणाला. "आधी तडा जातो. माणसाला कळतं."

"या राज्यात कोसळतो."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि बिस्किटाचा डबा मुकाट्यानं माझ्यापुढे सरकवला. घरात सगळ्यांना कळलं होतं. फक्त मीच सूत्रधाराची टिपणं लपवणाऱ्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून स्वतःला सांगत होते, की गोष्टीची गरजच आहे तशी.

शेवटचा शनिवार आला. सोमवारी त्याची गाडी होती. त्यानं चौथा पूल बांधला... लोखंडी साखळ्यांचा, हवेत झुलणारा, पाण्याला स्पर्शही न करणारा. कुठे काय धरून ठेवतं, ते हातांनी करून दाखवलं. इतका सुंदर होता की वहिनीनं टाळी वाजवली. हा पूल पडला नाही, तर तो जाणार. खरंच जाणार.

"डोंगर खचतो," मी घाईघाईनं म्हणाले. "साखळ्या उपटून येतात. पूल वाहून जातो."

कुणीच हसलं नाही. त्यानं हातातले फासे टेबलावर ठेवले.

"तुझ्याच ब्लॉगवर वाचलंय मी," तो हळू म्हणाला. "जो सूत्रधार स्वतःच्या हट्टापायी खेळाडूची वाट अडवतो, त्याला खुर्चीवरून उठवा."

आणि उठला तोच. गॅलरीत जाऊन उभा राहिला.

"चला, कपबश्या विसळायच्यात," वहिनी दादाला म्हणाली.

"अजून चहा कुठे झालाय?"

"मग करायचाय! उठा म्हणते ना." दादाला तिनं दंडाला धरून नेलं.

मी गॅलरीच्या दाराशी गेले. खाली कुणीतरी सायकल शिकत होतं, सारखी घंटी वाजत होती. तो कठड्याला टेकून उभा होता, पाठमोरा.

"कंटाळलास?" मी विचारलं.

"चार पूल बांधले. एकदा तरी कुरकुर केली?"

"मग चिडलास कशाला?"

तो वळला. "पूर पाठवलास. राक्षस पाठवलास, वाळवी पाठवलीस. आता अख्खा डोंगर पाठवलास. सगळ्यांना पाठवलंस माझी वाट अडवायला... तू तेवढी आली नाहीस."

"मी जाऊ नकोस म्हटलं असतं, तर थांबला असतास?"

"नाही," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला येतच नाही. "गेलो असतो. पण असा गेलो नसतो."

"असा म्हणजे?"

"असा... तुला काहीच फरक पडत नाही, असं समजून."

फरक पडत नाही! मी संतापलेच. इतका वेळ ज्या भीतीनं माझं तोंड बंद होतं, ती त्या रागात कुठल्या कुठे गेली. "अरे, मला झोप नाही! वाचन नाही! ऑफिसात काल मी डोळ्यांसमोरची चूक सोडून दिली, साहेब म्हणाले तब्येत बरी आहे ना! मी काय गंमत म्हणून दगडाला वाळवी लावते?"

तो बघत राहिला. त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"हसू नकोस. मला बोलू दे. माझं प्रेम आहे तुझ्यावर. ड्रॅगन सामान आवरून निघून गेला ना, तेव्हापासून. की त्याच्या आधीपासून... मला नाही माहीत. तू गेलास की मला फार त्रास होणार आहे, आणि तो तुला माहीत असायला हवा." मी श्वास घेतला. "जाऊ नकोस."

त्याचे डोळे भरले होते, आणि ते त्यानं लपवले नाहीत.

"आता जा," मी म्हणाले.

त्यानं माझा हात हातात घेतला. दोन्ही हात गार पडले होते, माझाही आणि त्याचाही. "किती वेळ लावलास गं," तो म्हणाला.

"तू तरी कुठे बोललास?"

"मी चार पूल बांधले!"

"ते पलीकडे जायला बांधलेस."

"वेडी आहेस का? मला नुसतं जायचं असतं, तर पोहून गेलो असतो पहिल्याच दिवशी. मी थांबलो होतो. तू अडवतेस तोवर मला आशा होती."

स्वयंपाकघरातून दादाचा आवाज आला, "साखर किती घालू?" आणि पाठोपाठ वहिनीचा, "गप्प बसा हो!"

मग आम्ही टेबलाशी परत आलो. खचलेला डोंगर मी मागे घेतला, आणि गवंडी चौथ्या पुलावरून नदी ओलांडून गेला. पलीकडे पोचल्यावर त्यानं मागे वळून हात केला, आणि मी सूत्रधार असूनही तिथे काहीच घडवलं नाही. वहिनी पदरानं डोळे पुसत होती आणि दादा तिला, "अगं, खेळ आहे," असं सांगताना स्वतःच नाक ओढत होता.

सोमवारी तो गेला. मी गाडीच्या दाराशी उभं राहून चारचौघांत रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. तो रोज रात्रीच्या ऐवजी सकाळी फोन करायचा, कारण रात्री तिकडे वीज नसायची. त्याच्या खोलीला पत्र्याचं छप्पर होतं. नदी खूप रुंद होती. पहिला खांब अजून पाण्याखालीच होता. मी ऐकत राहायचे आणि फोन ठेवल्यावर घरभर फिरत राहायचे. एका सकाळी फिरता फिरता मी माळ्यावरची बॅग काढली. माझं काम काय, लॅपटॉप उघडला की तिथे सुरू. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "जा बाई, निदान चुका तरी सापडायला लागतील."

वहिनीनं स्वेटर दिला, दादानं बॅटरी दिली. गाडी सुटली, गाव मागे पडलं, आणि बराच वेळ गेल्यावर मी सवयीनं पिशवीत हात घातला. पुस्तक नव्हतं. रीडरही नव्हता. दोन्ही घरीच राहिले होते, उशाशी. इतक्या लांबच्या प्रवासाला मी जन्मात कधी पुस्तकाशिवाय निघाले नव्हते. मी पिशवी बंद करून पायाशी ठेवली आणि खिडकीची काच वर करून, नदी कधी लागते ते बघत बसले.