बिएन होआची चोवीस दुकानं

"मास्तर, पुढच्या मंगळवारी पंप येतोय," फोनवर लुआ म्हणाली.

तोआन मास्तरांनी भाताची वाटी खाली ठेवली. "कसला पंप? नीट सांग."

"माझी पिंपं उपसायला. चाळीसच्या चाळीस! मासळी नऊ महिने मुरलीय, अजून तीन हवेत. आत्ता काढलं तर त्याला नुओक माम, मासळीचा अर्क, म्हणायचीसुद्धा लाज वाटेल. कंपनी म्हणते, प्रयोगात तुझा अर्क हरला, आहे तेवढा उचलतो, पुढे घेणार नाही. कंपनीनं घेणं थांबवलं की कारखाना बंद, मास्तर. आजोबांपासूनचा."

मास्तरांनी हयातभर व्यापार महाविद्यालयात एकच गोष्ट शिकवली होती. बाजारात काय झालं ते सोडा, कशामुळे झालं ते सांगा. लुआ त्यांची जुनी विद्यार्थिनी. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नव्हतं, त्यामुळे स्वभाव जरा आंबला होता. पण 'प्रयोग' हा शब्द ऐकला आणि म्हातारा दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं लुआच्या गावी, फान थिएतला हजर.

पिंपांच्या शेडमध्ये कंपनीचे लाम साहेब कागद घेऊन बसले होते. लुआचा धाकटा भाऊ फुओक त्यांना चहा देत होता. कंपनीशी बोलणं, कागदपत्रं नेणं-आणणं, सगळं तोच बघायचा.

"काका, यात भावनेचं काम नाही," लाम साहेब म्हणाले. "बिएन होआतली चोवीस किराणा दुकानं. चिठ्ठ्या टाकून बारांत हिचा पिंपातला अर्क ठेवला, बारांत आमचा यंत्रावरचा. बाटली सारखी, किंमत सारखी. सहा आठवडे झाले, रोज मोजणी चालू आहे. आणखी काय हवं?"

"पहिल्या आठवड्यात?"

"हिच्या बारा दुकानांत मिळून रोज साठ बाटल्या. आमच्या बावन्न."

"म्हणजे ही पुढे होती!"

"नवलाई नऊ दिवस. सहाव्या आठवड्यात हिच्या दहा, आमच्या पंचावन्न."

"मोजतं कोण?"

"थोम म्हणून एक मुलगी आहे, पाहणी करणाऱ्या संस्थेची. एकटीच मोजते."

"आकडे घरी बसून लिहीत नसेल कशावरून?"

"छे छे, मास्तर!" फुओक मध्येच म्हणाला. "पोर फार सरळ आहे. रोज शिव्या खाते, तोंडावर दार आपटून घेते, पण एक दिवस खाडा नाही."

मास्तरांनी मान डोलावली. "साहेब, विक्री पडली हे मान्य. अर्कामुळे पडली हे कुणी पाहिलं?"

"दुसरं काय बदललं होतं?"

"तेच शोधायचंय. मंगळवारपर्यंत मला मोकळीक द्या."

लाम साहेब हसले. "घ्या. पंप काही त्याआधी येत नाही."

लुआनं मास्तरांना फाटकापर्यंत पोचवलं. मिठानं तडकलेले हात तिनं पाठीमागे धरले होते. "मास्तर, काही सापडलं नाही तर?"

"तर नाही सापडलं," मास्तर म्हणाले. खोटा धीर देणं त्यांना कधी जमलंच नाही.

बुधवारी दुपारी ते बिएन होआच्या एका गल्लीत उभे होते. पिंपातला अर्क ठेवलेल्या दुकानात फळीवर एकही बाटली नव्हती. उंबऱ्याशी जळक्या कागदाची राख तेवढी होती.

"आजी, तो नवा अर्क आहे का?"

दुकानदारीण वाकली आणि डासांच्या कॉइलच्या खोक्यांमागून एक बाटली ओढून काढली.

"चव बरी नाही वाटतं?"

"कोण म्हणतं? चव एक नंबर! घरी मी तोच वापरते."

"मग अडगळीत का?"

"ही बाटली दुकानात आल्यापासून एक दिवस धड गेला नाही. आता जास्त विचारू नका, हवी तर घ्या."

अगदी शेजारच्या दुकानात यंत्रावरचा अर्क तोऱ्यात पुढच्या फळीवर होता. तिथं गणवेश घातलेली एक मुलगी बाटल्या मोजत होती. दुकानदारानं तिला हसून स्टूलसुद्धा दिलं होतं. ती बाहेर आल्यावर मास्तरांनी तिला गाठलं.

"थोम ना? मी पिंपवाल्या लुआचा मास्तर. शेजारच्या आजींकडे नाही मोजलंस?"

"त्यांच्याकडे पहाटेच झालं. पिंपवाली बारा दुकानं साडेपाच ते सात, दुसरी बारा दुपारी. कागदावर तसंच लिहिलंय."

"भिंतीला भिंत लागून दुकानं. एका फेरीत संपेल ते काम दोन फेऱ्यांत करतेस?"

"चोवीस दुकानं दोनदा फिरून पायांचे तुकडे पडतात! पण वेळ बदलायची नाही अशी ताकीद आहे."

"दुकानात काही विकत घेतेस?"

"नाही हो. मोजणाऱ्यानं काडीसुद्धा घ्यायची नाही. विक्रीचा आकडा बिघडतो."

"आणि पहाटेचे दुकानदार काय म्हणतात?"

 एकदम थोमचे डोळे भरून आले. "मी पांढऱ्या पायाची आहे, मास्तर. मी जाते तिथली विक्री पडते. मी हे कुणाला सांगितलं नाही. संस्थेत नाही, आईलासुद्धा नाही. त्या बाईंची पिंपं माझ्यामुळे जाणार."

मास्तरांना तिची फार दया आली, पण त्यांनी ती दाखवली नाही. "तुझा पाय की तुझी वेळ? दोन्ही रोज एकदमच दुकानात शिरतात. वेगळी करून बघू."

त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि सहा-सहा भरेपर्यंत दुकानांच्या नावांवर उडवलं. पिंपवाली सहा दुकानं दुपारवर गेली, यंत्रवाली सहा पहाटेवर आली. उरलेली बारा होती तशीच.

"मंगळवारपर्यंत लाम साहेबांनी मोकळीक दिलीय. बाकी कशाला हात लावायचा नाही. मोजणारी तूच, गणवेश हाच, बाटल्या त्याच."

"पहाटे नवीन दुकानांत जाऊ? मला मारतील!"

"पाचच दिवस. दात आवळून जा."

मंगळवारी पंपाची गाडी सकाळीच आली. दोन माणसांनी नळी सोडून पहिल्या पिंपाशी आणून ठेवली. लुआ पिंपाला पाठ लावून उभी राहिली. रात्रभर ती झोपली नव्हती.

"काका, वेळ संपली," लाम साहेब म्हणाले.

"संपली. आकडे ऐका. पिंपवाली जी सहा दुकानं पहाटेच ठेवली, तिथं मिळून रोज पाच बाटल्या. बदल नाही. जी सहा दुपारवर नेली, तिथं पाचाच्या एकोणीस झाल्या."

"योगायोग असेल."

"मग तुमचं ऐका. तुमची सहा दुकानं दुपारी होती तशीच, रोज अठ्ठावीस. ज्या सहांत थोम पहाटे जायला लागली, तिथं सत्तावीसच्या नऊ. तुमचाच अर्क, साहेब! पाच दिवसांत फळीवरून खाली."

लाम साहेबांनी कागद ओढून घेतला. दोनदा वाचला.

"पहाटे जाण्यानं असं काय होतं?"

"साहेब, तुम्ही वातानुकूलित खोलीत वाढलात. पहाटे दुकान उघडतं, दुकानदार बोहनीची वाट बघतो. पहिलं माणूस येतं ते गणवेशातलं. बाटल्या मोजतं आणि छदामही न देता जातं. दिवसाचा सत्यानाश! दुकानदार कागद पेटवून तिची पीडा घालवतो, शिव्या देतो. पण ती रोज येते. का येते? त्या बाटलीसाठी. मग तो बाटलीच नजरेआड करतो. आजी चवीचं कौतुक करत होत्या आणि बाटली खोक्यांमागे होती. मुलगी पांढऱ्या पायाची नाही, दुपारी तिला बसायला स्टूल मिळतं. विक्री मोजणीनं मारली."

मास्तरांबरोबर आलेल्या थोमनं कोपऱ्यात तोंडावर हात धरला.

"म्हणजे संस्थेची चूक," लाम साहेब म्हणाले.

"चुकून पिंपवाली बाराच्या बारा पहाटे येतील? दुकानांच्या चिठ्ठ्या टाकल्या. वेळांच्या कुणी टाकल्या नाहीत. मी काल संस्थेत विचारलं. दुकानं आणि वेळा एकाच कागदावर इथून आल्या. लुआ, चिठ्ठ्या कुणी उचलल्या?"

"मी," लुआ म्हणाली.  "लिहून घेतलं फुओकनं."

"मी सोयीनं वेळा टाकल्या," फुओक घाईनं म्हणाला. "यात काय एवढं!"

"शेजारशेजारच्या दुकानांत एकदा पहाटे, एकदा दुपारी. ही कुणाची सोय? बरं, ते राहू दे. थोम रोज शिव्या खाते, तोंडावर दार आपटतात, हे तू मला याच शेडमध्ये सांगितलंस. तिनं तर आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुला कुठून कळलं?"

फुओकनं चहाची किटली खाली ठेवली.

"तू पहाटे बिएन होआला जाऊन बघून आलास," मास्तर म्हणाले. "डाव लागू पडतोय का ते."

 पंपवाल्यांनी विड्या विझवल्या.

"हॉटेलवाल्यांना किनाऱ्याची जागा हवीय," फुओक शेवटी म्हणाला. "दोघांच्या नावावर आहे, आणि पिंपं आहेत तोवर ताई सही करणार नाही. तीस वर्षं हा वास अंगाला आहे. लग्नाला बघितलेली प्रत्येक मुलगी नाक मुरडून उठली. ताई, तुझे हात बघ एकदा! मी तुझ्यासाठीसुद्धा..."

"माझ्यासाठी?" लुआ किंचाळली. "मला येऊन सांगायचं होतंस, ताई, मला नाही जमत. मी भांडले असते, रडले असते, आणि तुझा वाटा तुला दिला असता! त्या परक्या पोरीला सहा आठवडे शिव्या खायला लावल्यास? आणि माझ्या अर्काला नासका ठरवलंस, ज्याच्यावर तू वाढलास?"

लाम साहेबांनी पंपवाल्यांना हातानं खूण केली. ते नळी गुंडाळायला लागले. "बाई, प्रयोग नव्यानं करू. वेळांच्याही चिठ्ठ्या टाकू. पण तेव्हाही हरलात तर?"

"हरू शकतेस, लुआ," मास्तर म्हणाले. "तुझा अर्क सरस आहे हे मी सिद्ध केलेलं नाही. तो हरला नव्हता, एवढंच."

"खरी मोजणी करा आणि मग हरवा. पंपाची नळी मी स्वतः पिंपात सोडीन."

मग ती भावाकडे वळली. "भात झालाय. जेव आणि जा."

"कुठे जाऊ, ताई?"

तिनं पाठ फिरवली. तो काही वेळ घुटमळला, मग न जेवताच चपला घालून फाटकाबाहेर गेला. चाळीस पिंपं वाचली होती, आणि लुआ जमिनीवर बसून लहान मुलीसारखी रडत होती.