तिसरी तार, तिसरी ओळ

मला एका जागी बसवत नाही. मामा म्हणतो, हिच्या पायाला एक भिंगरी आहे आणि जिभेला दोन. अशा मुलीला तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये, माणसाएवढ्या डबल बेस नावाच्या तंतुवाद्यासोबत अडकवायचं... देवालाही विनोद सुचतात म्हणायचे!

आमच्या दुकानात दुरुस्त झालेला तो बेस चौथ्या मजल्यावरच्या संगीतशाळेत पोचवायचा होता. दहा मिनिटं होऊन गेली. तीनदा बटण बडवून झालं, दोनदा दाराला लाथ मारून झाली. तेवढ्यात डोक्यावरून, छताच्याही वरून, आवाज आला. कुणीतरी पाना फिरवता फिरवता गात होतं.

"दार उघडं ठेवलंय मी... वाराच येतो आत."

थोडी खुडबुड. मग पुन्हा तीच ओळ, जरा जास्त कळवळून.

"दार उघडं ठेवलंय मी... वाराच येतो आत."

आणि पुढं काही नाही. नुसता पाना. मी थांबले. एरवी मी कुणाची वाट पाहत नाही, पण ओळ अशी अधांतरी सोडलेली मला सोसत नाही.

"अहो! पुढची ओळ कुठंय?"

पाना थांबला. "आत कुणी आहे?"

"नाही, भूत आहे! तिसरी ओळ कुठंय?"

"अजून... सुचली नाही."

"मग आधी दार उघडा. लिफ्टचं!"

वरून हसू आलं. लिफ्ट खडखडली, हलली आणि चौथ्यावर जाऊन थांबली. दोन मिनिटांत तो जिन्यानं खाली आला. कोपरापर्यंत ग्रीस, कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि डोळे असे हसरे, की मी बेसच्या आडच उभी राहिले.

"तुम्हाला कसं कळलं, तिसरी ओळ असते म्हणून?"

"एक ओळ दोनदा म्हटली की तिसरीत उत्तर नको? नाहीतर ते ब्लूज गाणं कसलं?"

त्याचा चेहरा पडला. "ब्लूज? मी तर कंट्री गाणं समजून बांधत होतो..."

झालं. तिथून माझी झोप उडाली.

दोन दिवसांनी स्वारी दुकानात हजर, खांद्याला गिटार. बेसच्या खोळीवर आमचा पत्ता असतो, तो यानं मजला उतरायच्या आत पाठ केला होता म्हणे. आमचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढं मी, मागं मामा, आणि भिंतीभर टांगलेली तारांची वाद्यं. बाहेरून ट्रक गेला किंवा मी चिडून बोलले, की सगळी एकदम गुणगुणतात. मामाच्या मते ट्रकपेक्षा माझ्यामुळेच जास्त.

मी त्याची गिटार घेतली आणि दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरून नख फिरवलं. या पट्ट्या चहाडखोर असतात. कंट्री वाजवणाऱ्यांच्या बहुधा पहिल्या दोन-तीन पट्ट्यांवर तारांखाली सरळ खाचा पडतात. याच्या वरच्या पट्ट्या तिसऱ्या तारेखाली आडव्या घासल्या होत्या, अगदी गुळगुळीत.

"इथं तुम्ही तार नुसती दाबत नाही," मी म्हटलं. "वर ढकलता. एका सुरावरून निघता आणि पुढच्यावर पोचत नाही. मधेच लोंबकळता."

"परवाच्या लिफ्टसारखं?"

"अगदी तसंच."

"आणखी काय कळतं गिटारवरून?"

"तुम्हाला धीर नाही. खोळ उसवलीय, तर शिवायची सोडून वायरनं टाचलीय."

"आणि तुमच्या हातातली कानस गेल्या मिनिटात चारदा इकडची तिकडे झाली," तो म्हणाला. मी कानस खाली ठेवली. भिंतीवरची वाद्यं उगाचच गुणगुणली. ट्रक-बिक काही गेला नव्हता.

मग त्यानं काम सांगितलं. शनिवारी दुपारी एका फिरत्या कंट्री मंडळाची निवडचाचणी होती. निवडला गेला की वर्षभर बसनं गावोगाव. लिफ्ट सुटेल, नुसतं गाणं. "पट्ट्या घासून द्या. आणि तिसरी तार वेढ्याची लावा. त्यांच्याकडं सगळे तीच लावतात."

वेढ्याची तार म्हणजे जिच्यावर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. घुमते छान, पण ढकलू म्हटलं तर ढिम्म हलत नाही. साध्या तारेसारखी लाडात येत नाही ती.

"मग तुमचं ते लोंबकळणं?"

"तेच तर विचारतोय. माझं गाणं नक्की काय आहे? ब्लूज असेल तर येऊच नका, असं मंडळानं बजावलंय."

मागून मामा चष्मा कपाळावर चढवत आलाच. असा प्रश्न ऐकून तो गप्प बसला असता तर आभाळ कोसळलं असतं.

"दुःख दोघांकडं असतं," मामा म्हणाला. "गाडी सुटते, आई आठवते, ती सोडून जाते. सगळं तेच. पण कंट्रीवाला त्याची गोष्ट सांगतो. कुठून निघालो, वाटेत काय झालं, कुठं पोचलो. ब्लूजवाला निघतच नाही! तिथल्या तिथं येरझाऱ्या. एक ओळ, पुन्हा तीच ओळ, मग स्वतःच्याच तोंडावर उत्तर. कंट्रीवाला जखम दाखवतो, ब्लूजवाला खाजवतो."

"सगळीच गाणी अशी असतात?"

"सगळीच माणसं तरी कुठं एका मापाची असतात? पण तुम्ही करता काय?"

"लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर-खाली. पोचत कुठंच नाही."

"मग विचारता काय, कपाळ!"

तो हसला आणि माझ्याकडं वळला. "आणि तुम्ही काय म्हणता?"

मला ठाऊक होतं. लिफ्टमध्येच ठाऊक होतं. पण ब्लूज म्हटलं की हा इथं राहणार, आणि तो इथं राहावा असं मला इतकं वाटत होतं, की माझ्या खऱ्या मताचाच मला संशय यायला लागला. ओळख दोन दिवसांची, आणि जीव असा टांगणीला! मी कानस उचलली.

"गिटार तुमची, गाणं तुमचं. मी नुसत्या पट्ट्या घासते."

त्यानंतर तो रोज यायचा. कधी पट्ट्या बघायला, कधी खोळ शिवायला सुई मागायला. सुईत दोरा शेवटी मीच ओवला. शुक्रवारी गिटार तयार झाली. तिसरी तार वेढ्याची, सांगितल्याबरहुकूम. तो दारात घुटमळला.

"जातोय मी... उद्या."

मी म्हटलं, "तार ओली होऊ देऊ नका." मूर्ख कुठली!

शनिवारी मी दुकान तीनदा झाडलं. एका व्हायोलिनची खुंटी उलटी बसवली, ती काढली आणि पुन्हा उलटीच बसवली. मामा म्हणाला, "त्या झाडूवर तरी दया कर." चार वाजता दार ढकललं गेलं. बाहेर सोसाट्याचा वारा होता. दार तसंच उघडं टाकून तो आत आला.

"घेतलं त्यांनी."

"अरे वा..." मी पुन्हा झाडू उचलला. "मग तोंड का असं?"

"गाणं सरळ गेलं. माझं बोट ढकलतंय, तार हलत नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, घेतलंय ते दुसऱ्याच कुणाला." तो थांबला. माझ्याकडं बघत म्हणाला, "जातोय मी... सोमवारी."

तीच ओळ. दुसऱ्यांदा, आणि जरा जास्त कळवळून. मग मात्र मला राहवेना.

"ऐक," मी म्हटलं. तुम्ही-बिम्ही कुठल्या कुठं गेलं. "दोन गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. तुझं गाणं ब्लूज आहे. ही एक. आणि तू जाऊ नयेस असं मला वाटतं. फार वाटतं. ही दुसरी. दुसरीपायी पहिली खोटी ठरेल म्हणून मी भ्याले आणि ती तार लावून बसले. ती तेवढी काढू दे. मग खुशाल जा."

मी पक्कड घेतली, वेढ्याची तार उतरवली, साधी चढवली. ती तीनदा सुटली. सूर लावून गिटार त्याच्यापुढं धरली.

त्यानं बोट ठेवलं आणि तार वर ढकलली. सूर निघाला, चढला... आणि मधेच थांबून राहिला. भिंतीवरची सगळी वाद्यं जागी झाली.

"दार उघडं ठेवलंय मी... वाराच येतो आत."

पुन्हा एकदा, डोळे मिटून. मग थांबला. आता तिसरी ओळ सुचायची वाट पाहायला नको होती, इतकी ती माझ्या ओठांवर होती. गाता मला येत नाही. मी नुसती म्हटली.

"वाऱ्याचं मी काय करू? वाऱ्याला नाहीत हात."

त्यानं डोळे उघडले. गिटार हळूच बाकावर आडवी ठेवली.

"मंडळाला नाही सांगून आलोय," तो म्हणाला. "टाळ्या संपायच्या आत. तू काही बोलली नसतीस, तरी मी राहणारच होतो."

"मग ते 'जातोय मी' काय होतं? माझा जीव गेला की इथं!"

"तिसरी ओळ हवी होती ना."

मी त्याला मारायला हात उगारला. तो त्यानं धरला. मग दुसराही धरला, सरस लागलेला, काळी बोटं असलेला, तसाच.

"अरे, दार लावा कुणीतरी!" मागून मामा ओरडला. "केवढा वारा येतोय आत!"

आमच्यापैकी कुणाचाच हात मोकळा नव्हता.