चौथ्या गावानंतरच्या स्लाइड्स

दक्षिण फ्रान्समधली दगडी गावं बघायची हौस माझीच. १९८४च्या जूनमध्ये बायकोला, उत्तराला, आणि सहा वर्षांच्या रुपालीला घेऊन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून गेलो. स्लाइड्स धुऊन आल्यावर रविवारी दुपारी पडदे ओढले, भिंतीवर चादर ताणली आणि मित्राला, श्रीरंगला, बोलावलं. रुपाली तिच्या खोलीत होती.

पहिल्या तीन गावांत कार्टी प्रत्येक स्लाइडमध्ये. कुठे कारंज्यावर चढलेली, कुठे जीभ काढून दाखवणारी. श्रीरंग हसत होता.

चौथं गाव टेकडीवरचं. वीसेक घरं, छपरंसुद्धा दगडाची. भर दुपारी चिटपाखरू नाही, फक्त एका उंबऱ्यावर म्हातारी शेंगा सोलत बसलेली. रुपालीने तहानेने भोकाड पसरलं होतं आणि माझं डोकं फिरलं. आपण शेजारच्या काकूंना म्हणतो तसं मी चक्क मराठीत म्हटलं, "आजी, हिला ठेवून घ्या बरं तुमच्याकडे. आम्हाला नको!"

म्हातारी हसली नाही. हात पुसून उठली, दार सताड उघडलं आणि रुपालीला पाणी द्यायला आत घेऊन गेली. पाच मिनिटांनी पोरगी शहाण्यासारखी बाहेर आली. मागे कडी लागल्याचा आवाज झाला.

त्यानंतर ती रडलीच नाही. हट्ट नाही, बडबड नाही. घरी आल्यावर कारल्याची भाजीसुद्धा मुकाट संपवायची. उत्तराला चैन पडेना. मी उलट तिच्यावरच खेकसायचो, "अगं, सुधारली पोर! आता त्याचंही दुःख?"

"पुढे रुपालीचे फोटो का नाही काढलेस यार?" श्रीरंगने विचारलं.

"काढलेत की! नीट बघ."

पाचवं गाव. कमानीखाली उत्तरा. तिची बोटं कुणाचा तरी हात धरल्यासारखी मिटलेली. शेजारी कुणी नाही.

सहावं. चर्चच्या पायऱ्या. "हलू नकोस" म्हणून मीच रुपालीला तिथे बसवलं होतं. पायऱ्या रिकाम्या.

उत्तरा आत धावली, मागोमाग मी.

रुपाली खिडकीपाशी बसली होती. लख्ख ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं.

उत्तराने तिला छातीशी घट्ट धरलं. "सोन्या, काय होतंय तुला? आईला सांग ना."

रुपाली हळूच म्हणाली,

"आई, व्हेन आर यू कमिंग टु गेट मी? इट्स सो डार्क हिअर."