टोपी घालण्याच्या दोन पद्धती

तिच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. वीस दिवस ते टेबलाच्या खणात, लहान मुलांच्या दातांच्या एक्स-रेंखाली पडून होतं. पत्रावर एक निळी रबरी कडी चिकटवलेली होती, मसुराच्या दाण्याएवढी. खाली घाईच्या अक्षरात चार ओळी –

'दोन दातांमध्ये जागा व्हावी म्हणून आपण ही कडी ठेवतो. आपल्या दोघांमध्ये जागाच जागा आहे. ती कमी करायला काय ठेवावं, डॉक्टर? इथे मला कायमची नोकरी देताहेत, महिनाअखेर हो की नाही ते सांगायचंय. फोन करू नका. फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता.'

यात खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत. त्याने सात वेळा लिहायला घेतलं आणि सातही वेळा 'प्रिय' लिहावं की नुसतं 'डॉक्टर', इथेच गाडी अडली.

वर्षापूर्वी दवाखान्यात नवी डॉक्टर म्हणून रुजू झाली त्या दिवशी ती पहिल्यांदा दिसली, ती चुकीच्या दारातून आत शिरताना. त्याच्यासमोर खुर्चीत पाच वर्षांची एक मुलगी तोंड गच्च मिटून बसली होती. अर्धा तास झाला होता. तो इंजेक्शन पाठीमागे लपवून उभा, आणि घाम त्यालाच फुटलेला.

"एक्स-रेची खोली..." तिने विचारलं. मग मुलीकडे पाहिलं, मग त्याच्या लपवलेल्या हाताकडे. "अच्छा. कुलूपबाई आल्यात वाटतं."

"दुधाची दाढ किडलीय," तो म्हणाला. "बधिर करून, कीड कोरून, दाढ घासून बारीक करायची, मग वर कॅप—"

"एवढं ऐकल्यावर मीसुद्धा तोंड उघडणार नाही." ती मुलीजवळ वाकली. "दाताला अंगठी घालायची का गं? निळी आहे."

कुलूप उघडलं.

तिने दोन दाढांमध्ये निळी रबरी कडी बसवली. चार दिवसांनी ती काढली, तेव्हा तिथे बारीक फट पडली होती. तिने स्टीलच्या इवल्याशा कॅपमध्ये सिमेंट भरलं, कॅप दाढेवर टेकवली आणि म्हणाली, "काकांवर जेवढा राग आलाय, तेवढ्या जोरात चाव."

कट्. कॅप बसली. ना सुई, ना मशीन. मुलगी उड्या मारत बाहेर.

"आणि कीड?" त्याने विचारलं.

"आतच."

"आतच? म्हणजे हे चक्क टोपी घालणं झालं."

"घातलीय ना, पण घट्ट." ती हसली... आणि त्याला चष्मा उगाचच पुसावासा वाटला. "बाहेरून खायला मिळालं नाही की कीड उपाशी बसते. सगळंच कोरून काढावं लागत नाही, डॉक्टर."

"सिद्ध करून दाखवा." आयुष्यात त्याने कुणाला असं आव्हान दिलं नव्हतं.

मग काय, शर्यतच लागली. निम्म्या मुलांना त्याची पद्धत, निम्म्यांना तिची. कुणाला कुठली, ते बंद पाकिटातली चिठ्ठी सांगणार. संध्याकाळी एकाच टेबलाशी बसून दोघं नोंदी जुळवत. त्याच्याकडचं मूल रडलेलं असलं की ती मुकाट्याने रुमाल पुढे सरकवायची.

"मूल केव्हाच घरी गेलं," तो म्हणायचा.

"तुमच्यासाठी आहे. तुम्हीच जास्त रडवेले दिसताय."

तीन महिन्यांनी तिची दुसऱ्या गावच्या दवाखान्यात बदली झाली. निघताना ती दारात जरा जास्तच वेळ थांबली. तो म्हणाला, "पोचलात की... तिकडच्या नोंदी पाठवा."

आज कुलूपबाई वर्षाच्या तपासणीला आल्या. तोंड आपणहून उघडलेलं. त्याने एक्स-रे उजेडासमोर धरला. कॅपखालची कीड होती तिथेच होती, केसभरही पुढे सरकली नव्हती. त्याने स्वतः कोरून बसवलेल्या कॅपही ठणठणीत होत्या म्हणा. पण ती मुलं अजून त्याला पाहिलं की आईच्या मागे लपत.

"डॉक्टरकाका, ती टोपीवाली मावशी कुठाय?"

"दुसऱ्या गावी."

"का?"

"मी... काही बोललो नाही म्हणून."

मुलीने क्षणभर विचार केला. "मग तुमच्या पण दाताला अंगठी घाला. तोंड उघडतं."

ट्रे पुसता पुसता सिस्टर म्हणाल्या, "पोरीला कळतं ते तुम्हाला कळेना. महिना संपायला चार दिवस उरलेत, डॉक्टर. आणि तो खण तुम्ही कधी नीट लावत नाही."

त्याचे कान लाल झाले. घड्याळात साडेचार. कोपऱ्यावरची पोस्टाची पेटी पाचला रिकामी करतात. त्याने उभ्याउभ्याच पेन उघडलं.

'प्रिय डॉक्टर, तुम्ही जिंकलात. मी तुम्हाला पुरेन का, चार माणसांत माझं तोंड उघडेल का... या सगळ्या शंका कोरून काढायच्या आणि मगच लिहायचं, म्हणून थांबलो होतो. एकही निघाली नाही. आता तुमच्याच पद्धतीने आत ठेवून वरून बंद करतोय. उपाशी बसतील. परत या. माझ्याशी लग्न कराल? कडी परत पाठवत नाही, बोटात जात नसली तरी. मापाची आणून ठेवतो.'

एप्रनवरच तो धावत सुटला. पोस्टमन किल्ली काढून पेटीपाशी उभाच होता.

"एक मिनिट," तो धापा टाकत म्हणाला आणि पाकीट फटीतून आत सोडलं. ते आत पडल्याचा आवाज झाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं – आपण दात गच्च आवळलेत, अगदी जोरात चावल्यासारखे.