शेषाद्रीचे सतरा फोल्डर

हे ऐकीव नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. तुम्हाला पटलं नाही तरी माझी तक्रार नाही, मला पटलं नसतं तर बरं झालं असतं.

12 मे 2005, गुरुवार. दुपारचे तीन. तंजावरबाहेरचं एक इंजिनियरिंग कॉलेज, नाव लिहीत नाही.

आमच्यासकट चार कॉलेजांचे कम्प्युटर ग्रिडने, म्हणजे एकाच जाळ्यात, जोडलेले होते. संशोधन करणाऱ्यांच्या सगळ्या फायली आमच्या मशीन रूममध्ये साठायच्या. जागा भरली की जुन्या फायली काढणं हे माझं काम.

नियम साधा. फायलीचा मालक हयात असेल तर आधी त्याला कळवायचं. नसेल तर घरच्यांची सही घ्यायची.

आमच्याकडे संशोधन करणारा शेषाद्री हयात नव्हता.

त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी पापनाशमजवळ भरदिवसा त्याला काठीने मारून टाकलं. कोणी, ते अजून कळलेलं नाही. त्याची आई, कमलाक्षी अम्मा, दर महिन्याला तिरुवैयारुहून बसने यायच्या.

"माझ्या लेकाचं लिहिलेलं आहे ना गं तिथं?"

"आहे, अम्मा. मी असताना कोण काढणार?"

त्या दुपारी साठा अठ्ठ्याण्णव टक्के भरला. आमचे मुख्य, रंगराव सर, दारातूनच म्हणाले, "पाचला त्रिचीच्या कॉलेजचं काम सुरू व्हायचंय, जागा हवी. शेषाद्रीचं काढ."

"सर, त्याच्या आईची सही नाही."

"मग तू कर. तीही आई, तूही आई. कोण बघतंय?"

मी केली. अम्मांच्या नावाने, तमिळमध्ये, थोडी थरथरती.

आता माझ्या हरिताचं सांगते. तेव्हा ती तीन वर्षांची होती. बालवाडीला सुट्टी, सासूबाई ओरत्तनाडूला गेलेल्या. मशीन रूममध्ये एसी होता, म्हणून उन्हाळ्यात आम्ही सगळे दहीभाताचे डबेसुद्धा तिथंच ठेवायचो. मी चटई टाकून तिला आत निजवलं होतं. काचेतून दिसत होती. मुरलीकृष्ण, माझा सहकारी, आत वायरी तपासत होता.

फोल्डर सतरा होते. एकामागून एक आपोआप पुसले जातील असा प्रोग्राम मी लावला.

पहिला गेला.

आतून आवाज आला... धप्प.

ओल्या गोणीवर काठी पडावी तसा.

मुरली बाहेर आला. नाक फुटलेलं, शर्टभर रक्त.

"अक्का, मला कोणी मारलं?"

"रॅकवर आपटलास."

"रॅक माझ्या पाठीमागं होता. आणि चष्मा कुठं उडाला बघू दे." तो परत आत गेला.

दुसरा गेला.

धप्प... आणि त्याचं डावं कोपर उलट्या बाजूला वळलं. मी काचेतून बघत होते. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. हाड कातडीतून बाहेर आलं. तो गुडघ्यांवर सरपटत दाराबाहेर आला आणि त्याच्या मागे दार लागलं.

"अक्का," तो दबक्या आवाजात म्हणाला, "शेषाद्रीचं प्रेत ओळखायला मला बोलावलं होतं. डॉक्टर जखमांची यादी वाचत होता. पहिला घाव नाकावर. दुसरा डाव्या कोपरावर."

"एकूण किती?"

"सतरा."

आत आता फक्त हरिता होती.

मी दाराकडे धावले. दार उघडेना. मागे वळून प्रोग्राम थांबवायची बटणं दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. स्क्रीनवर तिसरा गेला, चौथा गेला.

आणि आतल्या मशीनचे पंखे थांबले. त्या खोलीची घरघर कधीच बंद नसायची... त्या शांततेत फक्त तो आवाज. धप्प. धप्प.

काचेवर आतून लाल थेंब उडाले. मग इतके उडाले की पलीकडचं दिसेना.

मी खुर्ची उचलून काचेवर घातली. तडासुद्धा गेला नाही. मी हरिताला हाका मारत होते आणि मोजतही होते. का मोजत होते, ते मला विचारू नका.

चौदाव्याला मुरलीने उजव्या हाताने मेन स्विच ओढला.

दार आपोआप उघडलं.

हरिता चटईवर पालथी. फ्रॉक पाठीवर रक्ताने चिंब. मी तो फाडून काढला.

पाठीवर एक ओरखडासुद्धा नव्हता.

तिने डोळे उघडले. "आई, मामा माझ्यावर पडला होता. खूप जड होता."

"कोण मामा?"

"ते त्याला मारत होते. तो म्हणाला, हालू नको."

मुरलीचा हात पुढे कधी सरळ झाला नाही. रंगराव सरांनी शॉर्ट सर्किट झालं असं लिहून पाठवलं. रक्त कोणाचं, ते कोणी तपासलं नाही. मी नोकरी सोडली. कमलाक्षी अम्मांना अजून तोंड दाखवलेलं नाही.

तीन फोल्डर उरले होते. ते जूनमध्ये दुसऱ्या कोणीतरी पुसले. मला नंतर कळलं... पण कोणत्या दुपारी, ते मला आधीच माहीत होतं. त्या दुपारी हरिता घरात जेवत होती. मध्येच ताट सोडून ती जमिनीवर पालथी झाली. तीनदा दचकली. मग उठून पुन्हा जेवायला बसली.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली.

ती अजून पालथीच निजते. रात्रभर जराही हालत नाही. मी उठून उठून तिच्या पाठीवर हात ठेवते.

पाठ गरम असते... कोणी आत्ताच तिच्यावरून उठून गेल्यासारखी.