सहा दिवस न पुसलेलं पत्र

"अकरावी तू! बाउंड्रीवर नुसती उभी राहा. चेंडू आला तर ओरड, आम्ही येतो!" अश्वजितने हुकूम सोडला.

"नुसतंच उभं राहायचं तर एक काठी रोवा की!" प्रियदर्शिनी म्हणाली आणि आत्याने दिलेला डबा उचलून चालू लागली.

मे महिन्याच्या सुट्टीत आत्याच्या गावी, कापड्याला येऊन तिला आठ दिवस झाले होते. मामेबहीण म्हणून आत्याचा अश्वजित तिची काळजी घ्यायचा खरा, पण पाहुण्याच्या पानात भात वाढावा तशी: भरपूर आणि न विचारता! आई पनवेलच्या रुग्णालयात कामाला, तिला रजा नाही. बाबा मुंबईत, तेही जमिनीखाली. नव्या मेट्रोचा बोगदा खणणारं अजस्र यंत्र थोडं पुढे सरकलं की मागे काँक्रीटचे वाकडे तुकडे जोडून एक कडं बसवायचं, हे त्यांचं काम. खाली फोन लागत नाही. वर आले की डोळे मिटलेले.

ते तुकडे मात्र इथेच घडत होते, कापड्याच्या माळावरच्या यार्डात! म्हणून तर यार्डाचे रखवालदार भागोजीकाका यांचा डबा पोचवायचं काम प्रियाने मागून घेतलं होतं. काका जेवेपर्यंत ती रांगेतल्या शेवटच्या तुकड्यावर हात ठेवून उभी राही. त्याचा नंबर होता २१४. शनिवारी तिने त्याच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलं होतं, 'बाबा, हा तुमच्या डोक्यावर बसला की वर बघा. प्रिया.' आत्याच्या मोबाइलवर फोटो काढून पाठवलाही होता. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

आज गुरुवार. प्रियाने पाहिलं, तर अक्षर न् अक्षर जागेवर! आधी तिला आनंद झाला. मग कपाळाला आठी पडली.

"काका, यांच्यावर पाणी मारतात ना?"

"मारायलाच पायजे गो!" भागोजीकाका घास गिळत म्हणाले. "नवं काँक्रीट म्हंजे तान्हं बाळ. धा दिवस न्हाऊ घातलं नाय, तर आतून तडकतं. मी येतो धा वाजता. पाणी त्याआधी साहेबांची माणसं मारतात. वहीत खुणा हायेत की!"

प्रिया धावतच मैदानावर आली. अश्वजितने सगळं ऐकलं आणि बॅट खाली ठेवली. "आमच्या स्लॅबवर पंधरा दिवस मी पाणी मारलंय. खडू राहीलच कसा?"

"मग पाणी जातं कुठे?" शेजारची श्रुतिका म्हणाली. वय अकरा, पण गावात कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे तिला आधी कळे. तिने खाली पाहिलं. मैदान कसलं, कापणी झालेलं भाताचं खाचरच ते; उन्हाने भेगाळलं होतं. मधलं पीच तेवढं काळंभोर आणि ओलं!

"आयला!" अश्वजित ओरडला.

पीचच्या कडेला निळा पाइप गुंडाळून ठेवला होता, शेजारी पंप. दोन्हींवर यार्डाची पिवळी पट्टी!

यार्डाचे सुपरवायझर मुरारीसाहेब हेच क्रिकेट स्पर्धेचे अध्यक्ष. त्यांना तीन गोष्टी प्रिय होत्या: शिट्टी, माइक आणि स्वतःच्या नावाचा चषक. यार्डाचा नंबर चौथा.

रिकामा डबा आणायच्या निमित्ताने श्रुतिका यार्डात गेली आणि धापा टाकत परतली. "खिळ्याला वही टांगलीय. येत्या रविवारपर्यंतच्या खुणा आजच करून ठेवल्यात! आणि साहेब फोनवर सांगत होते, उद्या मुंबईहून इंजिनीअर मॅडम येणार, सकाळी पाइप आणून सगळं चकाचक भिजवा!"

"म्हणजे माझं पत्रही पुसलं जाणार," प्रिया म्हणाली. "मग कोण विश्वास ठेवणार?"

अश्वजित पीचकडे बघत राहिला. "रविवारी फायनल आहे गो. पाइप गेला तर..."

प्रियाने पाठ फिरवली. ती पुन्हा एकटीच यार्डाच्या वाटेला लागली. वळणावर मागून पावलं वाजली. अश्वजितच्या खांद्यावर खताची प्लास्टिकची गोणी होती, हातात सुतळी.

"मामा रोज खाली असतो ना?" तो म्हणाला. "चल. गाठ मी मारतो, तुझी सुटेल."

दुसऱ्या दिवशी अकराला यार्ड नुसतं चमकत होतं! "मॅडम, आमच्याकडे पाणी म्हणजे पाणी!" मुरारीसाहेब छाती काढून म्हणाले. इंजिनीअर सरिता मॅडमनी मान डोलावली. एवढ्यात डबा घेऊन प्रिया फाटकाशी आली, मागे दोघं.

"मॅडम, २१४ वरची गोणी काढून बघा ना!"

"पोरांचा खेळ हो!" मुरारीसाहेब हसले. पण मॅडमनी भागोजीकाकांकडून गोणी सोडवली. खाली पांढरंशुभ्र पत्र!

"कालच लिहिलं असेल कार्टीने!"

प्रियाने आत्याचा मोबाइल पुढे केला. तीच अक्षरं, तोच नंबर, तारीख गेल्या शनिवारची. "गोणी तर आम्ही कालच बांधली," अश्वजित म्हणाला. श्रुतिकाने खिळ्यावरची वही आणून मॅडमच्या हातात ठेवली.

मॅडमनी पान पाहिलं. "रविवारचं पाणीही आजच मारलंत? मग मी कशाला आले? माझा शेराही तुम्हीच लिहून टाकायचा!"

मुरारीसाहेबांनी गळ्यातली शिट्टी काढून हळूच खिशात घातली.

अख्खी रांग थांबवण्यात आली. तपासणीत २१४ च्या पोटात केसाएवढा तडा निघाला. "तुझा तुकडा बोगद्यात जाणार नाही, बेटा," मॅडम म्हणाल्या. "पण तू होतीस म्हणून कळलं. शाबास तिघांची!"

"पोरगी रोज उभी ऱ्हायची," भागोजीकाका सगळ्यांना सांगत सुटले. "मला वाटायचं, करमत नाय तिला. ती तर राखण करत होती!" आत्याने तिघांना घावणे वाढले. फायनल कोरड्या पीचवर झाली. अश्वजित शून्यावर बाद झाला आणि दोष मात्र कोणाला दिला नाही.

पाइप यार्डात परत आला. नव्या २३१ वर प्रिया रोज खडूने लिहायची आणि रोज काकांच्या पाइपातून स्वतःच पाणी मारायची. दहा दिवस. मग मे संपला, तरी बाबा आले नाहीत.

शाळेसाठी घरी परतायच्या आदल्या संध्याकाळी आत्याचा मोबाइल वाजला.

"प्रिया? आज २३१ बसवला. सरिता मॅडमनी नंबर कळवला होता. मी वर बघितलं, बाळा. बॅटरी लावून बघितलं. पण पत्र काही दिसलं नाही."

प्रिया अंगणात एकटीच उभी होती. तिने डोळे पुसले आणि हसली.

"दहा होती, बाबा. सगळी नीट पुसली गेलीत."